शंभर-नव्वदचा उजेड

वाचकहो, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत घुसला की आपल्या तोंडून जे शब्द निघतात, ते इथे छापण्यासारखे नाहीत. पण नेमक्या त्याच क्षणी समोरचाही आपल्याविषयी तेच म्हणत असेल, अशी शंका आपल्याला सहसा येत नाही. न्हावऱ्याच्या ज्ञानदेव कोळेकरांनाही ती कधी आली नव्हती.

ज्ञानदेव दौंडच्या एका शाळेत हेडक्लार्क. सकाळी जुन्या मारुतीने जायचे आणि संध्याकाळी मुलगी अंकिता कॉम्प्युटरच्या क्लासमधून सुटली की तिला घेऊन परतायचे. २००२ सालचा हिवाळा; साडेसहालाच अंधार. अशाच एका संध्याकाळी समोरून आलेल्या जीपच्या दिव्याने त्यांचे डोळे दिपले आणि बापलेक गाडीसकट कांद्याच्या वाफ्यात उतरले. नुकसान काय ते कांद्याचं झालं. पण घरी गिताबाईंनी निकाल दिला.

"उद्यापास्नं पोरगी त्या गाडीत बसायची न्हाई."

"अगं, मग क्लास? सहाच्या पुढं एसटी कुठं हाय?"

"मग क्लास बंद! पोरगी जिती पायजे मला. आधी गाडी नीट करा, मग बघू."

अंकिताची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ती पुस्तक मिटून आत गेली. ते मिटलेलं पुस्तक ज्ञानदेवांना फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे निश्चय केला: गाडीला असा बल्ब बसवायचा, की समोरच्यानेच रस्ता सोडला पाहिजे! निश्चय पक्का होता. फक्त दिशा चुकली होती.

रविवारी ते शिरूरला करुणाच्या दुकानात गेले. करुणा पाबळला वायरिंगचं काम शिकलेली. एसटी स्टँडमागे तिचा गाळा. गाडीच्या दिव्यांतलं तिच्याइतकं तालुक्यात कोणाला कळत नाही, असं ट्रकवालेही कबूल करत. आणि ट्रकवाले सहजासहजी काही कबूल करत नाहीत.

"शंभर-नव्वद वॅटचे दोन बल्ब टाक," ज्ञानदेव म्हणाले.

करुणाने दिवे पाहिले, मग मागे जाऊन डिकी उघडली. आत सरकी पेंडीची दोन पोती.

"मामा, ही कवापास्नं?"

"असतातच. घरी उंदीर लागतात."

"म्हंजी उंदरापायी गाडीचं गोदाम केलंय! अवो, मागं वजन पडलं की गाडीचं तोंड वर होतं. तुमचा उजेड रस्त्यावर पडतच न्हाई, बाभळीच्या शेंड्याला जातो. झाडावर झोपलेले बगळे दिसत असतील की तुम्हांला!"

बगळे दिसत होते हे खरं. ज्ञानदेव इतके दिवस त्याला निसर्गप्रेम समजत होते.

"आतला रिफ्लेक्टर गंजलाय, अर्थची वायर सैल हाय. तेवढं नीट करते. शंभर-नव्वद मी बसवणार न्हाई. ह्या वायरी तापतील. आन् समोरचा आंधळा होईल त्यो येगळाच."

"समोरच्यानं मला आंधळा केला, तवा कुठं होतीस तू?"

"मामा, त्यानंबी असंच कुणावर तरी चिडून बसवला असंल."

हेडक्लार्कला न सुचलेलं उत्तर दुसऱ्याने दिलं की राग येतोच. ज्ञानदेव थेट शिक्रापूर गाठून बल्ब बसवून आले. तिथल्या मिस्त्रीने काही विचारलं नाही, म्हणून तो त्यांना हुशार वाटला.

गाडी नीट झाली, असं त्यांनी घरी सांगितलं. सोमवारी संध्याकाळी मारुतीचे दिवे लागले आणि दौंड-न्हावरे रस्त्यावर दुपार झाली. समोरून मोटरसायकलवाले बाजूला होऊन थांबू लागले. ज्ञानदेवांना तो आदर वाटला.

एवढ्यात समोरून उसाची बैलगाडी आली. बैलांनी माना झटकल्या, एकदम डावीकडे ओढ घेतली आणि एक चाक चारीत उतरलं. गाडी कलंडली. उसावर बसलेली दगडाबाई मोळ्यांसकट खाली घसरली.

"आधी ती दिवाळी बंद करा, मालक!" तिचा नवरा सर्जेराव डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडला.

गडबडीत दिवे तसेच ठेवून बापलेक धावले. अंकिताने दगडाबाईला उठवलं. कोपर सोलवटलं होतं.

"पोरी, तुझ्या बापाला सांग," ती म्हणाली, "आमालाबी घरी जायचंय."

"दोरी हाय का?" सर्जेरावने विचारलं. अंकिता ती आणायला मारुतीकडे पळाली. ज्ञानदेवांनी मागे वळून पाहिलं. समोर नुसता पांढरा जाळ! गाडी नाही, रस्ता नाही, मुलगी नाही. तेवढ्यात मारुतीच्या मागून एका ट्रकचा हॉर्न वाजला.

"अंकिता! कुठं हायेस?"

"हितंच की, पप्पा! दिव्यापाशी!"

ट्रक कडेने निघून गेला. दहा पावलांवर उभी असलेली पोटची पोर त्यांना दिसली नव्हती; आणि तिला लपवणारा उजेड त्यांनी स्वतः हट्टाने बसवून आणला होता! ज्ञानदेव दिवे विझवायला धावले. मग चौघांनी मिळून बैलगाडी वर काढली. मोळ्या रचता रचता त्यांनी दगडाबाईची माफी मागितली. शाळेत ते इतकं हळू कधी बोलत नसत.

घरी गेल्यावर अंकिता तोंड उघडायच्या आत त्यांनीच गिताबाईंना सगळं सांगितलं. आता क्लास बंदच होणार, हे माहीत असूनही सांगितलं. गिताबाई मग म्हणाल्या, "त्या करुणाकडं चला. मी येते बघायला."

करुणाने टोमणा मारला नाही. जुने बल्ब परत बसवले, रिफ्लेक्टर बदलला, अर्थची वायर घट्ट केली. पोती उतरवून गाडी भिंतीसमोर उभी केली, खडूने रेघ ओढली आणि उजेड रेघेखाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. रस्ता स्वच्छ दिसायला एवढंच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी गिताबाई तपासणीसाठी मागच्या सीटवर बसून दौंडला गेल्या. परतताना समोर ट्रक दिसला. ज्ञानदेवांनी डिपर दिला, आपला उजेड खाली घेतला. ट्रकने घेतला नाही.

"त्यानं न्हाई केला की कमी!" गिताबाई उसळल्या. "तुम्हीबी वाढवा!"

ज्ञानदेवांनी वेग कमी केला, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "आगं, त्याला दिसू दे. त्यो आपल्याच अंगावर येतोय!"

ट्रक निघून गेला. गिताबाई अंकिताकडे वळल्या.

"अंकिता," त्या म्हणाल्या, "परीक्षा कवा म्हणालीस?"

नागरिकहो, रस्त्यावर आपला जीव जितका आपल्या डोळ्यांवर, तितकाच समोरच्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. ते डोळे उघडे राहतील, एवढाच उजेड आपल्या दिव्यात ठेवा. आणि डिपर आधी द्या. कमीपणा येत नाही. उलट माणूस घरी पोचतो.