दाखला गहाळ झाला आहे

टपरीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली हे जे लोखंड पडलंय, ते एके काळी दिवसभर बडबडत होतं, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटो न वाटो, ऐका. मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे, मित्रांनो. माझी ‘ळ’ची कळ तुटली आहे, रिबन वाळून गेली आहे आणि ओळ संपली की वाजणारी घंटी केव्हाच मुकी झाली आहे. भंगारवाला दोनदा बघून गेला. तो तिसऱ्यांदा यायच्या आत एक गोष्ट बोलून टाकायची आहे. ती माझ्या हातून घडली, म्हणून माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पुण्याच्या एका टायपिंग क्लासमध्ये आलो आणि तिथल्या पोरापोरींनी सात वर्षं तेच ते धडे बडवून मला अगदी जेरीस आणलं. मग बाळासो अर्जनवीसांनी मला विकत घेतलं आणि दौंडला कचेरीसमोरच्या त्यांच्या पत्र्याच्या टपरीत आणून ठेवलं. तिथं माझं नशीब उघडलं. अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, कशाला म्हणून खंड नव्हता. राहूपासून भांडगावापर्यंतची माणसं यायची आणि म्हणायची, “बाळासोंचा कागद कधी माघारी येत न्हाई.” ते ऐकलं की माझी छाती फुगायची.

बाळासो माणूस भला होता, पण घाईचा. चार-पाच मजकूर त्यांना तोंडपाठ होते. रेशनकार्ड हरवल्याचा, नावात बदल झाल्याचा, शाळेचा दाखला गहाळ झाल्याचा. समोरच्याचं बोलणं पुरतं संपायच्या आत त्यांची बोटं माझ्यावर नाचायला लागत. लोक तोंडात बोट घालून बघत बसत आणि मीही फुशारकीनं खडखडत राही. त्या फुशारकीची आता लाज वाटते.

सन १९९९चा सप्टेंबर होता. राहूहून नजमुन्निसा नावाची बाई आली, सोबत सतरा वर्षांची मुलगी, अफरीन. नवरा सिद्दीक गावात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. या बाईचा थोरला मुलगा शाळेतून येताना कॅनॉलमध्ये पडून गेला होता. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, की पोरीला त्या वाटेनं पाठवायचंच नाही. गुरुजी घरी आले, सरपंच आले, पण बाई हलली नाही. स्वतः मॅट्रिक झालेली होती. चुलीपुढं बसवून तिनं पोरीला पहिल्या धड्यापासून दहावीच्या बीजगणितापर्यंत शिकवलं. वहीतला एकेक अनुस्वार तपासायची, म्हणे. अफरीनला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी आधी बारावी, त्याआधी दहावी, आणि शाळेत न गेलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्मला प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं.

“दाखला हाय का, भाभी?” बाळासोंनी विचारलं.

“दाखला नाही. तिला आम्ही—”

“मंग झालं! बसा तुमी. पाच मिन्टात देतो.”

बाई आणखी काही सांगत होती, पण तिचं बोलणं माझ्या खडखडाटात बुडालं. मी कागदावर उमटवत गेलो: “माझी मुलगी राहत्या गावी शाळेत इयत्ता चौथीपर्यंत शिकत होती. तिचा शाळा सोडल्याचा दाखला गहाळ झाला आहे. शोध घेऊनही तो सापडला नाही.” बाळासोंच्या हाताला तेवढाच मजकूर ठाऊक होता. मला कळत होतं, मित्रांनो, की बाई वेगळंच म्हणतेय. पण यंत्राला अडून बसता येत नाही. एखादी कळ अडकली असती तरी चाललं असतं. त्या दिवशी मेली एकही अडकली नाही.

“चला चला, सायेब जेवायला उठतील!” असं म्हणत बाळासो दोघींना कचेरीत घेऊन गेले. साहेबांनी बाईला विचारलं, “मजकूर वाचला का? मान्य आहे?” आणि पोरीचा एकेक अनुस्वार तपासणारी ती बाई, सरकारी शिक्का समोर बघून, “जी, वाचला” म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. तिला वाटलं, एवढ्या जाणत्या माणसानं लिहिलंय, आपण काय वाचायचं.

मार्चमध्ये अफरीननं परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला, चौऱ्याहत्तर टक्के! सिद्दीकभाईंनी टपरीत पेढे आणले. एक पेढा माझ्या रुळावरही ठेवला. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा गोड दिवस.

आठच दिवसांत मायलेकी परत आल्या. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉलेजच्या क्लार्कनं अकरावीचा फॉर्म घेताना शाळा सोडल्याचा दाखला मागितला. बाई म्हणाली, पोरगी शाळेत गेलेलीच नाही. क्लार्कनं त्यांच्याच फॉर्मला जोडलेली जुन्या प्रतिज्ञापत्राची प्रत पुढं सरकवली. तो म्हणाला, “बाई, घरी शिकलेल्यांना आम्ही घेतो की. पण तुम्हीच शपथेवर लिहून दिलंय, चौथीपर्यंत शाळेत होती म्हणून. मग त्या शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत आणा.”

दोघी गावच्या गुरुजींकडं गेल्या. गुरुजींनी रजिस्टर उघडून दाखवलं. “पोरीचं नाव न्हाई यात, भाभी. जी बसलीच न्हाई तिचा दाखला कसा देऊ? माझ्या हातानं मी खोटं लिहायचं व्हय?” त्यांचं तरी काय चुकलं?

बाळासोंनी तो जुना कागद वाचला. पहिल्यांदाच वाचला. मग कपाळावर हात मारून खाली बसले. “आरं देवा! काय केलं मी हे!” त्यांनी लगेच खरा मजकूर लिहिला आणि या खेपेला बाईनं तो शब्दन् शब्द वाचला. पण कॉलेजात आता दोन कागद झाले. दोन्हींवर शपथ, दोन्हींवर तीच सही. क्लार्कनं प्राचार्यांना दाखवलं, प्राचार्यांनी पुण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत विचारणा पाठवली. पुण्याहून उत्तर येईपर्यंत प्रवेश देता येणार नाही, असं सांगितलं गेलं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सिद्दीकभाई दर सोमवारी कॉलेजात जाऊन यायचे आणि येताना टपरीत टेकायचे. “कागद पुढं गेलाय म्हणतात,” एवढंच बोलायचे. पुढं म्हणजे कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई मात्र एकदाच आली. बाळासोंना म्हणाली, “मामा, मी पोराला पाण्यात घालवलं आणि पोरीला कागदात. शाळेत घातली असती तर हे झालंच नसतं.” मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, तू नाही, मी घालवलं. पण बोटं पडल्याशिवाय मला वाचा कुठली!

उत्तर आलं जानेवारीत. मुलीला प्रवेश देण्यास हरकत नाही, असं एका ओळीचं उत्तर. तोवर अकरावीचं वर्ष संपत आलं होतं. अफरीनला अठरा पूर्ण झाली होती आणि ती शिरूर तालुक्यात कारेगावला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहून एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. तिथं गेटवर दहावीची मार्कलिस्ट आणि वयाचा पुरावा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. दाखल्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

पुढच्या जूनमध्ये नजमुन्निसा तिला ओढूनच घेऊन आली. आता मधलं वर्ष का रिकामं गेलं, त्याचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. बाळासोंनी नवी रिबन घातली, कागद चढवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. “सांग पोरी, तू बोल. तुझं बोलून झाल्याबगर मी एक कळ दाबणार न्हाई.”

अफरीन कागदाकडं बघत राहिली. तिच्या बोटांना पॅकिंगची चिकटपट्टी लावून लावून चिरा पडल्या होत्या.

“लिहायचं नाही, मामा,” ती म्हणाली.

“अगं, काय बोलतेस!” आईचा आवाज चढला. “उत्तर आलंय ना? आता कोण अडवतंय तुला?”

“कुणी नाही अडवत, अम्मी. पण मी रोज आठ तास उभी असते. मागच्या महिन्यात तू तपासलेली वही उघडली होती. समोरची गणितं मीच सोडवलेली, पण मला एक उमजेना. आणि आता हा कागद झाला की दुसरा मागतील. मला भीती वाटते गं कॉलेजच्या त्या खिडकीची.” मग हळूच म्हणाली, “उद्या पहिली शिफ्ट आहे. शेवटची गाडी चुकेल.”

आई रडली नाही. तिनं पोरीच्या डोक्यावरची ओढणी नीट केली आणि दोघी स्टँडकडं चालू लागल्या. कोरा कागद संध्याकाळपर्यंत माझ्यात तसाच होता. बाळासोंनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही.

त्यानंतर बाळासो प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून दाखवू लागले, एकदा नाही तर दोनदा. लोक कंटाळले. शेजारी कॉम्प्युटरवाला आला होता, तो झटपट देई. गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि मी या गोणपाटाखाली आलो. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी म्हणतात, आम्हाला तेल घाला, पुसा, जपा. मला तसलं काही मागायचं नाही. तुमच्यातलं कुणी उद्या खिडकीपलीकडं बसेल, कुणी अर्ज लिहून देईल. समोरच्या माणसाला त्याचं वाक्य पुरं करू द्या, एवढंच मागणं. त्याला फार वेळ लागत नाही. अफरीनच्या आईच्या वाक्यात उरले होते ते चारच शब्द: कधी शाळेत घातलंच नाही.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. कॉलेजचा तो क्लार्क मागं कशाला तरी टपरीत आला होता. बोलता बोलता बाळासोंना म्हणाला, की अफरीनचा प्रवेश अडला त्या वर्षी अकरावीला आर्ट्सच्या एकोणीस जागा रिकाम्याच राहिल्या होत्या.