मनात नसलेला तिळगूळ

सुलभाला राग लवकर येत नसे. पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा दोन दिवस राहून जात नसे. सामानसुमान घेऊन यायचा आणि पत्ताच बदलून घ्यायचा. नीलांबरीवरचा राग असाच गेल्याच्या गेल्या जूनपासून तिच्याकडे मुक्कामाला होता.

दोघी ऑकलंडमध्ये एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात नर्स. राहायलाही दोघी अवोन्डेललाच, हाकेच्या अंतरावर. नव्या देशात नवं घर मांडलं तेव्हापासून एकीच्या घराची किल्ली दुसरीकडे. सुलभाची आई सांगलीहून उन्हाळाभर राहायला आली होती, तेव्हा सुलभा ड्यूटीवर असली की नीलांबरीच तिला रविवारच्या बाजारात फिरवायची, दुपारी तिच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची. परत जाताना आई विमानतळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "खरी लेक शोभते ती हीच." सुलभा हसली होती. तिला मनापासून बरं वाटलं होतं.

मग नीलांबरी वॉर्डची चार्ज नर्स झाली आणि कुणाला कधी रजा द्यायची हे तिच्या हातात आलं. त्या जूनमध्ये आईला बरं नाही म्हणून सुलभानं पंधरा दिवस मागितले. तेच दिवस आणखी एका नर्सनं मागितले होते. इथला जून म्हणजे हिवाळा, तिला क्वीन्सटाउनला बर्फात खेळायला जायचं होतं. आणि नीलांबरीनं आपल्याकडची शिकलीसवरलेली, सरळमार्गी माणसं हटकून करतात ती चूक केली. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिनं आपल्याच माणसाचं माप कमी केलं.

"थोडी थांब ना गं, जुलैत जा," ती म्हणाली होती. "नाहीतर म्हणतील, बघा, इंडियन बाई इंडियन बाईचंच बघते."

आई काही जुलैपर्यंत थांबली नाही. फोन आला तशी सुलभा मिळेल त्या विमानानं निघाली, पण सांगलीला पोचली तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतलेली होती आणि दारात चपलांचा ढीग पडला होता.

तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं. "बेड चारचं ड्रेसिंग झालं?" "झालं." बस. नीलांबरीनं सुरुवातीला समजावायचा प्रयत्न केला. रजेचे नियम सांगितले, वॉर्डातलं राजकारण सांगितलं. सुलभा तोंड फिरवून निघून गेली. गेल्या संक्रांतीला तर तिनं मुद्दाम ड्यूटी मागून घेतली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नीलांबरी समोर आली असती, आणि रीतीप्रमाणे तिच्या हातावर तिळगूळ ठेवावा लागला असता. वर्षभर भांडलेल्यांनीही त्या दिवशी तो ठेवायचा असतो, नव्हे, भांडलेल्यांसाठीच तर तो दिवस.

आणि यंदा स्टाफरूममध्ये, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून तिला कळलं की नीलांबरी कायमची पर्थला चालली आहे. नवऱ्याला तिथे नोकरी मिळाली होती. घर विकलं होतं. संक्रांत बुधवारी आणि विमान शनिवारी.

"आई, जस्ट गो अँड सी हर," ओवी म्हणाली. सुलभाची ही लेक सतरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचं.

"मनात नसताना जाऊ? ते नाटक मला नाही जमत."

"देन डोन्ट. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, चालेल की. पोरीनं पोहायचे टॉग्ज पिशवीत कोंबले आणि ती पोहायला निघून गेली.

सतराव्या वर्षी सगळं इतकंच सोपं असतं. सुलभाला मात्र कळत होतं की मन निवळायची वाट बघता बघता शनिवार येऊन ठेपेल. एकदा नीलांबरी गेली की ती गेलीच. मग फोन नाही, येणंजाणं नाही, आणि ही अढी जन्मभर पोटात घेऊन बसायचं. याची तिला भीती वाटत होती. पण मन कुठे ऐकत होतं?

दर मंगळवारी संध्याकाळी ती एका वर्गाला जायची. विषय होता प्राचीन चिनी तत्त्वज्ञान. आता सुलभाला या विषयाचं असं काही वेड नव्हतं. मंडळाच्या बायकांची हळदीकुंकवाच्या तयारीची बैठक मंगळवारीच असायची, तिथे नीलांबरी असायची, आणि त्याच वेळेला घराबाहेर पडायला दुसरं सभ्य कारण मिळालं नव्हतं. इतक्या क्षुल्लक कारणानं का होईना, ती गेली आणि रमली.

शिकवणारे मिस्टर ग्वो सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. इस्त्रीचा शर्ट आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा थाटात यायचे. त्यांनी दोन जुन्या गुरूंचा वाद लावून दिला होता. दोघेही चीनमधले, दोन हजार वर्षांपेक्षाही जुने. पहिला म्हणायचा, चांगुलपणा माणसात जन्मापासूनच थोडाथोडा असतो. जपला तर वाढतो, हेळसांड केली तर सुकतो. दुसरा म्हणायचा, कसला चांगुलपणा? माणूस जन्मतः आपलंच बघणारा. त्याला चांगलं घडवावं लागतं, रीतीभाती पाळून, रोज, मन लागो अथवा न लागो. आपोआप कुणीच चांगलं होत नाही, एवढ्याबाबत मात्र दोघांचं एकमत होतं.

सुलभा पहिल्याच्या बाजूची. दुसऱ्याचं ऐकून तिच्या कपाळाला आठी पडायची. आत काही नसताना वरवर रीत पाळायची, याला आपल्याकडे ढोंग म्हणतात, असं तिचं स्पष्ट मत होतं. त्या मंगळवारी ग्वोंनी सगळ्यांना आपापल्या कामातलं एक उदाहरण आणायला सांगितलं होतं, आणि सुलभा जय्यत तयारीनं गेली होती.

तिनं मिरजेतलं सांगितलं. ती नर्सिंग शिकत होती तेव्हाचं. एक म्हातारा रुग्ण होता, पाठीला जखमा झालेला, येईल त्याला शिव्या देणारा. पहिल्या दिवशी तिला ओकारी आली. पण सिस्टर कडक. हात चोळून गरम केल्याशिवाय रुग्णाला लावायचा नाही, आजोबा म्हटल्याशिवाय बोलायचं नाही, चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही. सुलभानं सगळं केलं. महिन्याभरानं आजोबा बरे होऊन घरी निघाले, तर हिच्याच डोळ्यांना पाणी.

"म्हणजे माया माझ्यात आधीपासून होतीच," तिनं समारोप केला. "फक्त ती वर यायला वेळ लागला."

ग्वोंनी मान डोलावली. मग अगदी सहज विचारलं, "पहिल्या दिवशी मनात काय होतं?"

"किळस," सुलभा म्हणाली. खोटं कशाला सांगायचं?

"आणि हात कसा होता?"

"हात..." ती अडखळली. "हात हळू होता. गरम होता."

"तेव्हा तुम्ही ढोंग करत होतात का?"

"नाही!" सुलभा उसळून म्हणाली. "मी ड्रेसिंग करत होते."

वर्ग हसला. ग्वोही हसले, आणि हे उदाहरण कोणत्या गुरूच्या पदरात टाकायचं ते न सांगताच पुढच्या माणसाकडे वळले. सुलभाला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. चांगलं शोधून उदाहरण आणलं आणि ते आपल्यावरच उलटलं! तिला ग्वोंचा राग आला, सिस्टरचा आला, बिचाऱ्या आजोबांचासुद्धा आला. घरी येईपर्यंत ती हाताकडे आणि मनाकडे आळीपाळीनं बघत होती.

बुधवारी सकाळची ड्यूटी संपवून तिनं तीळ भाजले. बाहेर रणरणतं ऊन, सिकाडा किड्यांची किरकिर, आणि ही गॅसपाशी गुळाचा पाक ढवळत उभी. इथली संक्रांत अशीच, भर उन्हाळ्यात घाम पुसत करायची. पाकाकडे लक्ष हवं होतं, ते नीलांबरीकडे गेलं, आणि पाक पुढे गेला. लाडू कसेबसे वळले गेले, पण गोट्यांसारखे टणक. दुसरे करायला बसलं तर जाणं टळेल हे ओळखून तिनं तेच डब्यात भरले आणि चालू लागली. मन अजून "नको, नको" म्हणत होतं. तिनं त्याला बोलू दिलं आणि पाय उचलत राहिली.

नीलांबरीनं दार उघडलं. मागे खोलीभर खोकी. डोक्याला फडकं बांधलेली नीलांबरी, वाळलेली वाटली.

"सुलू?"

सुलभानं एक लाडू काढून हात पुढे केला. नीलांबरीनं लाडवाकडे बघितलं, सुलभाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पुढे आलेला आपला हात मागे घेतला.

"चाललेय म्हणून आलीस ना? मनात नसेल तर नको गं. उगाच रीत म्हणून नको."

हेच तर सुलभा दीड वर्षं म्हणत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती कोरडं वाटलं!

"मनात नाहीच आहे," ती म्हणाली. "आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल. राग आहे, तो उद्याही असेल. पण तू शनिवारी चाललीस नीलू, आणि माझं मन काही शनिवारपर्यंत तयार होत नाही. हात तेवढा तयार झालाय. घे."

नीलांबरीनं घेतला. उभ्या उभ्या चावायला गेली, पण लाडू दाद देईना. तिनं तो गालात सरकवला.

"पाक पुढे गेलाय," ती जुन्या सवयीनं म्हणाली.

"माहितेय."

"काकूंचा कधी जायचा नाही."

आईचं नाव निघालं. सुलभाला वाटलं, आता ही नियम सांगणार, त्या दुसऱ्या नर्सचं सांगणार, आणि मग आपण निघून जाणार. नीलांबरीनं फडकं सोडून हातात घेतलं.

"शेवटी काय खाल्लं गं काकूंनी?"

हे सुलभाला कुणीच विचारलं नव्हतं. कधी गेल्या, कशानं गेल्या, वय काय होतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"पेज," ती म्हणाली. "दोन चमचे. वहिनीनं भरवली." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मी भरवायला हवी होती."

"हो," नीलांबरी म्हणाली. "तूच भरवायला हवी होतीस. माझ्यामुळे राहिलं."

एवढंच म्हणाली आणि थांबली. सुलभा जवळच्या खोक्यावर बसली आणि लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली. नीलांबरी तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिली. मग पदर नव्हता म्हणून बाहीनंच नाक पुसून, आई आजारी पडली त्या दिवसापासूनचं सगळं सुलभा तिला सांगू लागली.