म्हणे, रस्ता हीच शाळा

मित्रांनो, डोक्यावर निळी ताडपत्री घेऊन अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका अंगणात उभी असलेली ही जी घरगाडी तुम्हाला दिसते आहे, ती मी. माझी कीव करू नका. कीव करण्यासारखी माणसं मी वर्षानुवर्षं पोटात घेऊन हिंडवली आहेत, तेव्हा ती नेमकी कुणाची करायची हे मला चांगलं कळतं.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. मला ठोकूनठाकून उभी करणारी बरीचशी माणसं आमिश पंथाची होती, म्हणजे स्वतः मोटार न बाळगणारी. दिवसभर माझ्यासारख्या गाड्यांना चूल, पलंग आणि न्हाणीघर बसवायची आणि काम संपलं की सायकलीवर टांग टाकून घरी जायची. तेव्हा मला त्यांचं हसू यायचं. दुसऱ्यांची जग हिंडायची सोय करतात आणि स्वतः घर ते कारखाना, कारखाना ते घर! तरुण होते मी, अंगावरचा रंग नवा होता आणि डोकं रिकामं होतं.

माझे पहिले मालक डेलमर आणि लॉरेन हचिन्स हे आयोवातलं निवृत्त जोडपं. माणसं भली, पण कंटाळवाणी. तेच ते पत्त्यांचे डाव, तेच ते विनोद आणि त्यावर तेच ते हसणं. मात्र डेलमरचं गाडीकडे लक्ष असायचं. दर वसंतात तो शिडी लावून माझ्या छपराची एकेक सांध बुजवायचा. माझी उंची कोरलेली पितळी पट्टी त्याने चालकाच्या समोर बसवली होती आणि निघण्याआधी तो ती रोज मोठ्याने वाचायचा. लॉरेन म्हणायची की गाडी काही वाढत्या वयाची नाही, एकदा वाचली तरी पुरे. तो ऐकायचा नाही. मैल्याच्या टाकीची झडपही तो बंदच ठेवायचा. टाकी भरली की मग एकदम उघडायची, म्हणजे भरपूर पाण्याच्या जोराने सगळं वाहून जातं. हे ज्ञान घाण वाटत असेल तर नाक मुरडा, पण पुढे उपयोगी पडेल.

डेलमरचे गुडघे गेले आणि मी विकली गेले. मला घेतलं गॅरेट आणि केल्सी स्टॅनफील्ड यांनी. त्यांना एक पाच वर्षांची मुलगी होती, सेज. रिज हा मुलगा पुढच्या वर्षी झाला. एकीला रानातल्या पाल्याचं नाव आणि दुसऱ्याला डोंगराच्या धारेचं. यांनी घर विकलं, नोकऱ्या सोडल्या आणि ठरवलं की आता कायमचं रस्त्यावर राहायचं, मुलांना शाळेच्या तुरुंगात घालायचं नाही. माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलं: ‘रस्ता हीच शाळा’. पाच वर्षं हा टेंभा मी देशभर मिरवला.

केल्सीने आल्या आल्या माझी लाकडी कपाटं पांढरी रंगवली, कारण ती इंटरनेटवर टाकायची त्या चित्रफितीत पांढरं छान दिसतं. जेवायचं टेबल उपटून टाकलं आणि तिथे कुंड्या मांडल्या. मुलांनी कागद ठेवून लिहावं अशी माझ्या पोटात ती एकच जागा होती. डेलमरची पितळी पट्टीसुद्धा गेली. ती म्हणे रंगाला शोभत नव्हती.

गॅरेटची हुशारी काय सांगू? पहिल्याच मुक्कामी त्याने मैल्याच्या टाकीची झडप उघडी टाकली. आपोआप वाहू दे, कटकट नको. पाणी आपोआप वाहून गेलं आणि उरलेलं आत साचून वाळून दगड झालं. मग चाळिशीचा हा विचारवंत नाकाला रुमाल बांधून बागेतल्या नळीने माझ्या पोटात पाणी मारत बसला आणि घरगाड्यांच्या त्या तळावरचे म्हातारे खुर्च्या टाकून मजा बघत बसले. यातूनही तो काही शिकला नाही. या घराचा प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय होता: सोडून द्या, आपोआप होईल.

मुलांचं शिक्षणही त्यांनी तसंच सोडून दिलं होतं. केल्सीचं म्हणणं असं की मुलाला शिकवायचं नाही आणि ‘तुला शिकायचंय का’ असं विचारायचंही नाही. विचारलं की दडपण येतं. मुलाला आतून वाटलं की ते आपणच वाचू लागतं. तळावर कुणी म्हातारीने सेजला कुठल्या इयत्तेत आहेस असं विचारलं, तर केल्सी असं हसायची की त्या बिचारीलाच आपण अडाणी आहोत असं वाटायचं.

सेज सहा वर्षांची असताना केल्सीने एक चित्रफीत काढली. सेज मांडीवर अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन बाळाला वाचून दाखवते आहे, आणि खाली लिहिलं होतं की हिला कुणीही शिकवलेलं नाही. लाखभर लोकांनी ती पाहिली आणि वाहवा केली. हेच पुस्तक नाताळात गॅरेटच्या थोरल्या बहिणीने, डार्लीनने, सेजला रोज वाचून दाखवलं होतं. सेजला ते तोंडपाठ होतं. इतकं, की अस्वल गुहेत शिरतं त्या पानावर ती म्हणाली, “थांब गं, चष्मा पुसते.” हे वाक्य पुस्तकात नाही, ते डार्लीनचं. लाखभर शहाण्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

पुढे ती लपवायला शिकली. पाट्या रंगावरून आणि आकारावरून ओळखायची, पेट्रोलपंप खुणेवरून आणि महामार्ग आकड्यावरून. कुणी पुस्तक पुढे केलं की रिजला भूक लागली आहे म्हणून उठायची. गॅरेटने तर तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून वाटाड्या केली. भूगोल असा शिकायचा असतो, असं तो चित्रफितीत सांगायचा. ती पोर काचेतून प्रत्येक पाटीकडे किती घाबरून बघायची, ते मला दिसायचं. इतक्या मोठ्या देशात तिला सांगायला एक माणूस नव्हता, आणि मला तोंड नव्हतं.

एका दुपारी आम्ही एका लहानशा गावातून चाललो होतो. फोनला रेंज नव्हती. रिजला ताप होता म्हणून तो मागे केल्सीजवळ पट्टा लावून बसला होता. गॅरेट समोर लावलेल्या कॅमेऱ्याशी स्वातंत्र्याबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याने विचारलं की सेज, ती पाटी काय म्हणते? सेजला झाडांमागे पाणी चमकताना दिसलं होतं. ती म्हणाली, पुढे नदी आहे असं लिहिलंय. गॅरेट खूश झाला, नदीकाठी जेवू म्हणाला आणि वेगातच सरळ पुढे निघाला.

पाटीवर लिहिलं होतं: ‘पुढे बुटका पूल. उंच गाड्यांनी डावीकडे वळावे.’

रेल्वेच्या त्या लोखंडी पुलाने माझं कपाळ फोडलं. छपरावरचं थंड हवेचं यंत्र तुटून रस्त्यावर पडलं. चालकाच्या डोक्यावर माझा जो माळा आहे, तिथे सेजचं अंथरूण असायचं. तो चेपून पार सपाट झाला. एरवी मुलं लोळायचा हट्ट करायची आणि केल्सी त्यांना गाडी चालू असतानाही तिथे लोळू द्यायची. त्या दिवशी तिथे फक्त उशी होती. 

शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, कचेरीतला एक जाडजूड अंमलदार आला. गॅरेट त्याच्याशी तावातावाने भांडू लागला की या रस्त्याला सूचनेची पाटीच नाही. अंमलदाराने वाद घातला नाही. सगळ्यांना माझ्या मागे, पाटीच्या पुढच्या बाजूला चालत नेलं आणि बोट दाखवलं. पाटी तिथून स्वच्छ दिसत होती. मग त्याने विचारलं की चालकाशेजारी कोण होतं? सेज म्हणाली, मी.

“मग वाच बघू बाळा, काय लिहिलंय?”

सेज पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाचता येत नाही.”

केल्सी हसली. “येतं हो तिला. घाबरलीय ती. सहाव्या वर्षापासून वाचते.”

“ते पाठ होतं, आई.”

 केल्सीने आपला तोच जुना सूर लावला. “बरं, मग अजून तुला आतून वाटलं नसेल. काही घाई नाही...”

“वाटलं होतं,” सेज म्हणाली. “दोन वर्षं झाली. तू विचारशील म्हणून थांबले होते. तू कधी विचारलंच नाहीस. आणि सगळ्यांना सांगून बसली होतीस की मला येतं. मग मी कुठल्या तोंडाने मागू?”

मित्रांनो, इतकी वर्षं ही दोघं त्या पोरीला आतून वाटायची वाट बघत होती, आणि पोर कुणी विचारायची वाट बघत होती. दोघं वाईट नव्हती, मारझोड करणारी नव्हती. नुसती स्वतःवर खूश होती, आणि तेवढ्याने एवढं नुकसान होतं.  अंमलदार पाटीपाशी चालत गेला आणि त्याने एकेका शब्दावर बोट ठेवून ती हळूहळू वाचून दाखवली. सेजचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिला मिळालेला तो पहिला धडा, आणि तोही एका पोलिसाकडून.

मला ओढत इथे, डार्लीनच्या अंगणात आणलं. डार्लीन शाळेची पिवळी बस चालवते आणि ती बस इथेच माझ्याशेजारी उभी असते. त्या पिवळ्या बयेकडे मी आधी ढुंकून बघितलं नाही. मी दोन्ही समुद्र पाहिलेले, आणि हिचं आयुष्य मक्याच्या शेतातल्या त्याच चार रस्त्यांवर गेलेलं. वर चालताना खडखडते.

डार्लीनने भावाला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं. “अरे, पोरीला नायगारा दाखवलास, वाळवंट दाखवलंस, आणि तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही?”

गॅरेट म्हणाला की शाळेत काय शिकवतात, रांगेत उभं राहायला.

“तेच शिकला असतास नीट, तर पुलाआधी थांबला असतास.”

गाडी दुरुस्त होईपर्यंत म्हणून सेज शाळेत जाऊ लागली. तिच्याहून लहान मुलांच्या वर्गात बसवलं होतं, त्यामुळे गुडघे बाकाला आपटायचे आणि मुलं हसायची. घरी आली की ती माझ्या पायरीवर रडून घ्यायची आणि मग डोळे पुसून दिसेल ते वाचायला घ्यायची. खाऊचं खोकं, बागेतल्या खताची पिशवी, अगदी माझ्या टायरवरची अक्षरंसुद्धा. अडखळायची, चुकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. थंडीत बोटं लाल झाली तरी उठायची नाही. माझ्या टायरवर इतकं काही लिहिलेलं आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

वसंत आला. गॅरेटने माझ्या कपाळावर फळ्या ठोकल्या, वर ताडपत्री ताणली आणि जाहीर केलं की पश्चिमेला निघायचं. केल्सी म्हणाली, आता आम्ही सेजला रोज एक तास शिकवू. सेज दप्तरातली पुस्तकं लावत राहिली. मी मात्र हरखले होते, खोटं कशाला बोलू? उभी राहिलेली घरगाडी लवकर मरते. टायर तडकतात, गाद्यांत उंदीर होतात. मला रस्ता हवा होता.

निघायच्या दिवशी सकाळी इंजिन धडधडत होतं आणि माझं नाक फाटकातून बाहेर आलं होतं. केल्सीने मागे बघून सांगितलं, सेज, पट्टा लाव. सेजने दप्तर पाठीला अडकवलं, माझं दार उघडलं आणि ती खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात लांबच्या शेतांवरची मुलं घेऊन डार्लीनची बस परत आली आणि तिच्यापाशी थांबली.

आमच्याकडे नियम असा आहे की शाळेच्या बसचे लाल दिवे लागले आणि तिच्या कुशीतून ‘थांबा’ची पाटी बाहेर आली, की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. मालगाडीएवढा ट्रक असो की दोन समुद्र पाहिलेली मी. पाटी बाहेर आली. सेज बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. तरी पाटी आत जाईना. गॅरेटने भोंगा वाजवला. डार्लीनने आपली खिडकी सरकवली.

“काय रे, ही पाटी तरी वाचता येते ना तुला?”

मागच्या पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. सेज हसली नाही. ती काचेतून बापाकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत हट्ट नव्हता, फक्त विनवणी होती. गॅरेटने तिच्याकडे पाहिलं. मग, त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एक गोष्ट त्याने आपोआप होऊ दिली नाही. त्याने हात पुढे केला आणि किल्ली फिरवून माझं इंजिन बंद केलं. मागे केल्सीने आपला पट्टा सोडला.

त्यानंतर मी परत फाटकाच्या आत लोटली गेले आणि आजपर्यंत इथेच आहे. टायर तडकले, गाद्यांत उंदीर झाले. ती दोघं गावात भाड्याच्या घरात राहतात आणि आता स्थिर आयुष्याचं महत्त्व सांगणाऱ्या चित्रफिती काढतात. माणसं सुधारतात, पण किती सुधारावं याला त्यांनी स्वतःच एक हद्द घातलेली असते.

मित्रांनो, घरात गाडी असेल तर तिच्या छपराची सांध बुजवा, झडप बंद ठेवा, तिची उंची लिहून ठेवा. माझ्यासाठी काही करायला नको. माझं आता काही होण्यासारखं नाही आणि ज्या कारणासाठी मी मोडीत निघाले ते कारण मला कबूल आहे. उद्या तुम्ही आईबाप व्हाल. जग दाखवायला खुशाल न्या मुलांना. पण निघण्याआधी त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. विचारायला पेट्रोल लागत नाही.