काचेमागचा मेस्त्री

बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम ऐकवण्याचं. तरी आज थोडं माझंही ऐका. बुरोंडीच्या गंगाराम आप्पांच्या उजव्या कानामागे बसणारं मी एक छोटं यंत्र. घरात सगळे मला 'मशीन' म्हणतात.

माझे सुटे भाग कुठल्या देशात जुळवले, ते मला ठाऊक नाही. माझा खरा जन्म झाला रत्नागिरीत, एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी आप्पांच्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढला आणि त्या साच्यावरून माझं कानात बसणारं टोक तयार करून घेतलं. म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या कानात बसत नाही. आप्पांचा कान सोडला तर मला जगात जागा नाही.

मला घेतलं ते त्यांच्या मुलीनं, रुचिरानं. ती देवरूखच्या कॉलेजात शिकवते. फोनवर बापाशी बोलता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. आई मध्ये बसून दोघांचे निरोप ओरडून पोचवायची.

आप्पा मच्छीमारी बोटीवर इंजिनाचे डायवर होते. वर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, वारा बघायचा, खलाशी जाळी ओढायचे. आप्पा मात्र खाली, बोटीच्या पोटात, धडधडणाऱ्या डिझेल इंजिनाला पाठ लावून बसलेले. त्या इंजिनानं घर चालवलं, दोन पोरं शिकवली आणि बदल्यात आप्पांचे कान घेतले. डावा पुरता गेला. उजव्यात जे थोडं उरलं होतं, त्याच्या आधाराला मी आलो.

घरी आलो त्या दिवशी आप्पा घाबरलेच. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं. पडवीत त्यांची बायको गोदूबाई मांदेली मासे साफ करत होती, त्या खरवडण्यानं त्यांच्या अंगावर शहारे आले. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी मला ओढूनच काढलं.

"एवढा आवाज घेऊन जगतात कशी माणसं?" ते म्हणाले.

चूक त्यांची नव्हती. मला निवड करता येत नाही. कुजबुज, भांडण, कुकर, समुद्र, जे येईल ते मी आत सोडतो. चांगले कान म्हणे नको ते बाजूला ठेवतात. मला ते जमत नाही. तेव्हा माझी रवानगी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात झाली. रुचिरा यायची तेवढ्यापुरता मी बाहेर. ती गेली की पुन्हा डब्यात.

आता आप्पांच्या सिनेमाविषयी सांगतो. हे सारं मला त्यांच्या कानात बसून, तुकड्यातुकड्यानं कळलं आहे.

रुचिरा पहिली-दुसरीत असताना आप्पा तिला दापोलीला एक इंग्रजी सिनेमा दाखवायला घेऊन गेले होते. अंतराळातला, मारामारीचा. तेव्हाच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. हिंदी सिनेमाला गेलं की आजूबाजूचे लोक हसायचे आणि हे नुसते त्यांची तोंडं बघायचे. पण त्या दुपारी थेटरात कुणालाच एक अक्षर कळत नव्हतं.

"त्या दिवशी सगळे माझ्यासारकेच बहिरे," आप्पा अजून हसून सांगतात.

सिनेमात पाणी वाहून नेणारं एक अवाढव्य यान होतं. दूरच्या चंद्रावरून बर्फ काढायचा, वितळवायचा आणि तहानेल्या वस्तीवर पोचवायचा. वाटेत लुटारू यानाला घेरतात. कप्तान देखणा, दोन्ही हातांत बंदुका. थेटरातली पोरं त्याच्यासाठी शिट्ट्या मारत होती. आप्पांचं लक्ष मात्र दुसऱ्याच माणसावर खिळलं. यानाच्या तळाशी एक मेस्त्री होता. तोंडाला काळं तेल, खांद्यावर फडकं. पडद्यावर तो असेल नसेल तेवढाच. शेवटी इंजिनाला आग लागते, जाड काचेचं दार बंद होतं, मेस्त्री आतून दोन्ही मुठींनी काच ठोकत काहीतरी ओरडतो. पलीकडून कप्तान कपाळाला हात लावून त्याला सलाम करतो. मग यानाचा तळ सुटा होतो, जळत मागे पडतो आणि बाकीचं यान पाणी घेऊन पुढे निघून जातं.

परत येताना एसटीत आप्पांनी लेकीला गोष्ट समजावली. "तो मेस्त्री काय सांगत होता, म्हायती हाय? माझी काळजी करू नका. निघा, पाणी पोचवा. मी हितं बघतो. खरा हिरो तो गो. बंदूकवाला कसला!"

पुढे त्यांनी त्या सिनेमाची सीडी मिळवली. टीव्हीचा आवाज पार बंद करून बघायचे. त्या धडाडधुडुमचा घरात कुणाला त्रास नको म्हणून. त्यांना स्वतःला आवाज असला काय, नसला काय, सारखंच होतं.

नंतरच्या काही वर्षांत ती बोटीची गोष्ट घडली. हर्णैकडे परतताना वारा उठला आणि बोटीची एक फळी फुटली. इंजिनघरात पाणी भरू लागलं. दुसऱ्या बोटीनं जवळ येऊन दोर टाकला, खलाशी तिच्यावर चढले. पण पाणी उपसणारा पंप इंजिनावर चालायचा. इंजिन थांबलं असतं तर ओढत नेतानेताच बोट बुडाली असती. आप्पा खालीच राहिले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी इंजिन चालू ठेवलं. धुराचा पाइप तुटलेला, त्याचा कानठळ्या बसवणारा आवाज त्या बंद जागेत. बोट बंदराला लागली आणि गर्दीनं त्यांना वर ओढून काढलं, तेव्हा त्यांचा डावा कान संपला होता.

गावानं नारळ दिला, शाल दिली. का राहिलास खाली, असं कुणी विचारलं की आप्पा म्हणायचे, "सिनेमातला मेस्त्री राहिला, तसा मी राहिलो."

गोदूबाईनं तेव्हापासून त्या सिनेमाकडे पाठ फिरवली. "एक दिवस माझा नवरा गिळला असता त्यानं," एवढंच ती म्हणायची.

मग एका शिमग्याला आप्पांचा मुलगा दीपेश मुंबईहून आला. येताना मोठा टीव्ही घेऊन आला. रुचिराही आली होती. बापानं मशीन वापरावं म्हणून दीपेशनं एक युक्ती काढली. आप्पांचा तो सिनेमा त्यानं हिंदीत शोधून काढला.

"आप्पा, मशीन घाला. आज तुमचा सिनेमा आवाजासकट बघायचा."

रुचिरा चटकन म्हणाली, "दीपेश, नको. दुसरं काहीतरी लाव."

"का?"

"जुना आहे. आवाज चांगला नसेल."

तिचा आवाज कापत होता. मला तो नीट ऐकू आला, पण आप्पा मला कानात बसवण्याच्या गडबडीत होते.

सिनेमा सुरू झाला. आप्पांचा चेहरा पोरासारखा उजळला. यानाच्या इंजिनाचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान हलवली. "एक सिलेंडर नीट मारत नाय," म्हणाले आणि सगळे हसले. रुचिरा सोडून.

शेवटचा प्रसंग आला. आग लागली. दार बंद झालं. मेस्त्री काचेवर मुठी आपटू लागला आणि जे त्याच्या तोंडून निघालं ते मी आप्पांच्या कानात सोडलं. माझ्याजवळ दुसरा इलाजच नव्हता.

"दरवाजा खोलो! कप्तान, मैं अंदर हूँ! दरवाजा खोलो!"

कप्तानानं दार उघडलं नाही. कुलूप त्यानंच लावलं होतं. सलाम केला आणि यानाचा तळ तोडून टाकायचा हुकूम दिला.

आप्पांनी मला कानातून काढलं, मांडीवर ठेवलं आणि सिनेमा संपेपर्यंत तसेच बसून राहिले. दीपेश विचारत होता, "काय झालं? आवाज मोठा होता का?" त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःहून डबा उघडला, मला कानात घातलं आणि पडवीत रुचिरासमोर येऊन बसले. गोदूबाई तिथंच विळीवर मासे कापत होती.

"तुला ठाऊक होता?"

रुचिरानं मान खाली घातली. "होय. कॉलेजात असताना पाहिला होता."

"आणि सांगितला नायस? एवढी वर्षं मना येडा बनवलास?"

"तुम्ही त्याच्यासारखं वागून बसला होता आप्पा. बोटीवर जीव धोक्यात घातला होता. आता तुम्हाला काय सांगू? तसा कुणी नव्हताच, असं?"

गोदूबाईनं कापलेले तुकडे भांड्यात टाकले आणि मान वर न करता म्हणाली, "बरा झाला कळला. त्या मेस्त्रीला कोंडून ठेवला होता. राहिलात तुमी. तो राहिला नाय, तुमी राहिलात. गावाला उगाच त्याचा नाव सांगत होतात."

मला वाटलं आप्पा आता हसतील. पण त्यांचा श्वास जड झाला. कानाशी बसल्यामुळे मला ते आधी कळतं.

"तुला काय ठाऊक गो," ते हळू म्हणाले. "मी पण ठोकत होतो. त्या दिवशी, खाली. पान्यात उभा राहून वरच्या फळीवर पाना आपटत होतो. वर कोण हाय का नाय, ता बघायला. सगळे गेले असतील, दोर सोडला असेल, असा वाटत होता. आणि वरून कुणी उत्तर दिला असता तरी मना ऐकायला येणार नव्हता."

गोदूबाईचा हात विळीवर थांबला. "ह्या कदी बोलला नायत."

"काय बोलू? शाल घेऊन बसलो होतो ना."

"मग तांडेलाला विचारलात का नाय कदी?"

उत्तर काय येईल याची भीती आप्पांना कुकरच्या शिट्टीहून मोठी होती, हे मला तेव्हा समजलं. दादू तांडेल तर चार घरं सोडून राहतो. रोज बंदरावर दोघं शेजारी बसतात.

संध्याकाळी आप्पा त्याच्याकडे गेले. मी कानात होतो. दादू अंगणात जाळं विणत बसला होता. आप्पा कानात मशीन घालून आलेले बघून त्याला नवल वाटलं.

"दादू, एक विचारतो. खरा सांग. बोट ओढून आणली त्या दिवशी तू खय होतास? पोरांबरोबर त्या बोटीवर गेलास?"

दादूनं हातातली सुई खाली ठेवली. "मी? येडा की काय? सुकाणूवर कोण होता मग? मी वरच होतो."

"वर?"

"तुज्या डोक्यावर. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात लोखंडी दांडा. इंजिनघराच्या झाकणावर ठोकत होतो, तू खाली जित्ता हायस का नाय ता कळायला. आणि तू खालून ठोकत होतास की! मी एक ठोकला की तू ठोकायचास. मी म्हटला, गंगाराम उत्तर देतो. बंदर येईपर्यंत तसाच चालला. म्हणून तर मी सुकाणू सोडला नाय. नायतर माजा पण धीर सुटला असता."

आप्पांनी दादूचा हात धरला.

"मना ऐकायलाच नाय आला रे," ते म्हणाले.

"ता मना ठाऊक नव्हता," दादू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू ऐकतोस असाच मी समजून होतो."

त्या संध्याकाळपासून आप्पा मला सकाळी घालतात आणि झोपतानाच काढतात. कुकरची शिट्टी अजून आवडत नाही, पण सोसतात. रुचिराशी फोनवर बोलतात. सिनेमाही बघतात, तोच. दीपेशला वाटलं होतं, आता तो नाद सुटला. गोदूबाईलाही तसंच वाटलं होतं. एका दुपारी तिनं विचारलंच, "आता काय राहिला त्यात? कळला ना सगळा?"

"आता तर कळला गो," आप्पा म्हणाले. "पयला वाटायचा, तो मेस्त्री जराही घाबरत नाय. आणि मी तर घाबरून फळ्या ठोकत होतो. लोक मना त्याच्यासारका म्हणायचे तेव्हा आत कुठंतरी लाज वाटायची. आता बघितला की वाटतो, हा माजाच माणूस. हा पण घाबरला. बिचाऱ्याला वरून ठोकणारा कोण मिळाला नाय, एवढाच."

गोदूबाई पदराला हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आवाज मोठा करा जरा," ती म्हणाली. "मी पण बघते."

आता माझे दिवस भरत आले आहेत. खारी हवा आत शिरली आहे, मधूनच मी खरखरतो. वयाबरोबर आप्पांचा कानही बदलला, माझं टोक सैल बसतं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, नवं घ्यावं लागेल. माझी तक्रार नाही. एका माणसाला जे ऐकायचं राहून गेलं होतं, ते माझ्यातून त्याच्यापर्यंत पोचलं. एका यंत्राला एवढं खूप झालं.

निरोप घेताना एकच मागतो. तुमच्या घरातही कुणी आपलं मशीन डब्यात घालून बसलं असेल, तर हट्टी म्हणून त्याच्यावर चिडू नका. शेजारी जाऊन बसा. काय ऐकायची भीती वाटते, एवढं विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत उठू नका.