गांजाच्या शेअरबाबत तातडीचे

विषय: ही संधी पुन्हा नाही!!!

(मूळ इंग्रजीत.) कॅनडातली गांजाची कंपनी. शेअर फक्त सात सेंट. शुक्रवारच्या आत घ्या. कोणी विकायला सांगितलं तर ऐकू नका.
– विनय, सचिव, मराठी मंडळ, कार्डिफ

विषय: आधीचा मेल माझा नाही

सस्नेह नमस्कार. मंडळाचं अकाउंट हॅक झालं होतं. कृपया कुठलेही शेअर घेऊ नयेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

(हा सगळ्यांच्या स्पॅममध्ये गेला. पहिला गेला नव्हता.)

विषय: विकणार नाही

फोनवर यमुनामावशी. रिटायर्ड नर्स, गुडघे गेलेले. तळमजल्यावरच्या फ्लॅटसाठी ठेवलेले सगळे पैसे त्यांनी त्या शेअरमध्ये घातले होते.

"मावशी, आजच विका. भाव चढलाय तो खोटा आहे. कधीही कोसळेल."

"तूच लिहिलंस ना, कोणी विका म्हटलं तर ऐकू नका?"

"मी नाही लिहिलं. माझा दुसरा मेल बघा, स्पॅममध्ये असेल."

"स्पॅममधलं उघडायचं नाही. तूच शिकवलंस, हॉलमध्ये, स्लाइड्स दाखवून."

"अहो, गांजा आहे तो!"

"औषधी आहे. वॉर्डात जन्म गेला माझा, मला नको शिकवू."

"पण आत्ता मी स्वतः सांगतोय ना?"

"तू तोंडी सांगतोयस. माझ्याकडे लेखी आहे."

विषय: सस्नेह नम

विषय: आदरणीय यमु

विनय लिहीत होता, खोडत होता. बायको, वैभवी, मागून वाचत होती.

"असल्या मेलवर आपल्या एजीएमलासुद्धा कोणी येत नाही," ती म्हणाली आणि झोपायला गेली. "ओरड की जरा."

विषय: शेवटचे काही तास!!! विका!!!

भाव शिखरावर! आतल्या गोटातली बातमी! उद्या चारच्या आत विका. कोणी थांबा म्हटलं तर ऐकू नका.
– विनय, सचिव

(फक्त यमुनामावशींना. थेट इनबॉक्समध्ये.)

विषय:

मावशींनी विकले. शुक्रवारी शेअर एका सेंटवर आला. विनयने फोन करून सगळं खरं सांगितलं.

"'घ्या' म्हणणारा मेल तुझा नाही."

"नाही."

"'विका' म्हणणारा तुझा."

"हो."

मावशींनी दोन्ही मेल पुन्हा वाचले. मोठ्याने, उद्गारचिन्हांसकट.

"विनय, मला फ्लॅट मिळतोय. मी कोणाला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बाळा, तुझे हे उद्योग वैभवीला तरी माहीत आहेत का?"