कुसुंबाशी थांबलेली वाट

रखमीने चपला काढून हातात घेतल्या आणि नव्या वाटेवर पाय ठेवला. वनखात्याच्या उद्यानातली ही निसर्गवाट अजून अर्धीच झाली होती, पण मुरूम असा चापून बसवला होता की त्यावर चपला घालून चालणं तिला बरं वाटेना.

पुढे तिचा नवरा धाकलू. डोळखांबकडच्या दहा-बारा गड्यांवर तो मुकादम होता. झाडांवर पाट्या ठोकल्या होत्या, त्यांवरची नावंही त्यानेच साहेबाला सांगितलेली.

“हा ऐन,” पाटीवर बोट ठेवून तो म्हणाला. “हा हेद.”

“जसं काय वाचताच येतं.”

“मीच सांगितलंय. त्यात वाचायचं काय?”

रखमी हसली. आज भाकर घेऊन तिकडंच ये, असा निरोप त्याने धाडला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, असले लाड कधी झाले नव्हते.

ओढा ओलांडून वाट एका कुसुंबाच्या लाल पालवीखाली आली आणि तिथेच संपली. पुढे नुसती चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ, सरळ कुसुंबाच्या मुळांना घासून गेलेली. बाजूला कुदळी आणि फक्कीचं घमेलं पडलं होतं.

“काम थांबवलं का?”

धाकलू उकिडवा बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

“उद्या खणायचं हाय. साहेबानं रेघ मारून दिली.” मग खाली बघतच म्हणाला, “आपली बाळी हितं हाय.”

रखमीला आधी कळलंच नाही. बाळी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. दातही न आलेलं पोर. असल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बाया जात नाहीत. त्या दिवशी धाकलूने परत येऊन दारातूनच टेकडीवरचा आंबा दाखवला होता. तेव्हापासून दर अमावास्येला ती त्या आंब्याखाली अर्धी भाकर आणि गुळाचा खडा ठेवून यायची. अंगात ताप असतानाही गेली होती.

 चपला तिच्या हातातून गळल्या.

“मंग आंब्याखाली?”

“तिथं कोणी नाय.”

“एकोणीस वरसं?”

“तू रोज हितनं लाकडाला जायचीस. अंगावरचं दूध आटलं नव्हतं तुझं. हितं बसली असतीस तर उठली नसतीस.” त्याने टोपी फिरवली. “मागनं सांगायला तोंड नाय ऱ्हायलं.”

रखमीने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस रोज या झाडाखालून जात होता आणि घरी येऊन तिच्या हातचं जेवत होता. 

ती कुसुंबापाशी गेली. तळपायाने फक्कीची रेघ पुसत गेली, मुळांपासून पार मुरमापर्यंत. मग मुठीत फक्की घेऊन तिने कुसुंबाला चांगला लांबून वळसा घालणारी नवी रेघ ओढली. धाकलू घमेलं धरून तिच्या मागे सरकत होता.

“साहेबानं विचारलं तर सांगा, रेघ बायकोनं मारली.”

तिने फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले. एक मुळाशी ठेवला. दुसऱ्यासाठी धाकलूने हात पुढे केला, तर तिने तो परत फडक्यात बांधला.

“ही आंब्याला.”

“तिथं कोणी नाय, सांगितलं ना गो.”

“एकोणीस वरसं कोणी तरी खात होतंच ना,” रखमी म्हणाली आणि अनवाणीच टेकडीच्या दिशेने चालू लागली.