तंबाखूचं पाणी

नवरा फवारता फवारता शेतातच कोसळला आणि गेला, तेव्हापासून म्हातारीने विकतचं विष घरात येऊ दिलं नव्हतं. कपाशीवर काहीही पडो, औषध घरचंच. निंबोळ्या कुटायच्या, भिजवायच्या, फडक्याने गाळून फवारायच्या. मुलगा कुरकुर करायचा, पण आईपुढे त्याचं काही चालायचं नाही.

यंदा मात्र माव्याची कीड हटता हटेना. पानं आक्रसली, चिकट झाली. म्हातारीने मग तंबाखूची पानं आणवून पिंपात भिजत घातली. कोपरापर्यंत हात घालून ती पिळायचं काम सुनेकडे आलं.

"आई, हात चुरचुरतात," सून म्हणाली.

"अगं, घरचंच तर आहे. थोडंच विष आहे?"

दुसऱ्या दिवशी सुनेला ओकाऱ्या सुरू झाल्या. घेरी येऊ लागली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. तिने सुनेच्या हातातली घागर काढून घेतली, झाडू काढून घेतला.

"जड काही उचलायचं नाही. बसल्या बसल्या तेवढी पानं पीळ, बास."

"डॉक्टरला दाखवायचं का?" मुलाने विचारलं.

"गप रे! बायकांचं तुला काय कळतं?"

सून काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच हसली आणि पिंपाशी जाऊन बसली. संध्याकाळी ती तिथेच आडवी झालेली सापडली. अंग घामाने थबथबलेलं, हातपाय थरथरत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचे तपकिरी पडलेले तळवे उलटसुलट करून पाहिले, वास घेतला. म्हातारीने चाचरत सगळं सांगितलं.

"हेही विषच आहे, आजी. कातडीतून अंगात भिनतं."

"आणि पोटातलं?"

"दिवस गेलेले नाहीत. तपासलंय मी."

म्हातारी सुनेच्या खाटेकडे वळली.

सून शुद्धीवर होती, पण बोलायला त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आल्यावर ती हळूच म्हणाली, "मला ठाऊक होतं आई, तसं काही नाही म्हणून. पण तुम्ही इतक्या खूश होतात... तोंडातून शब्द फुटेना."

म्हातारीला रागवावं की रडावं कळेना. ती सुनेच्या पायावरचं पांघरूण उगाचच सारखं करत राहिली.

सुनेला दवाखान्यातच ठेवून घरी आल्यावर तिने विहिरीपासून लांब खड्डा खणवून घेतला आणि पिंप त्यात ओतायला लावलं. मुलगा फावड्याने माती लोटत होता.

"मग आता कपाशीला काय मारायचं?" त्याने विचारलं.

म्हातारीने सुनेसाठी भाकरी फडक्यात बांधून घेतली. "तूच बघ," ती म्हणाली आणि पुन्हा दवाखान्याच्या वाटेला लागली.